पट्टीवर अडलेली ऑर्डर

वाचकांचे प्रश्न : धंदा आणि कारखाना

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं छोटं शिवणकामाचं युनिट आहे. चौदा मशीन, चौदा कारीगर, दोन मदतनीस, एक कटिंग मास्टर आणि मी. आजवर दुकानदारांची नि शाळांची किरकोळ कामं केली. पहिल्यांदाच एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली आहे : ४,००० पोलो टी-शर्ट, पांढरा आणि नेव्ही ब्लू असे दोन रंग, पाच साइज, छातीवर कंपनीच्या लोगोचं भरतकाम. भरतकाम बाहेरून करून घेते. कापड उशिरा आलं आणि सगळं वेळापत्रक कोसळलं. आता हातात कामाचे १५ दिवस आहेत. ९०० पीस पॅक झालेत, ते धरून एकूण २,४०० कापून झालेत, बाकीचं कापड अजून थानात आहे. मशीनमशीनच्या मध्ये अर्धवट मालाचे ढीग आहेत. रोज कितीही ओरडलं तरी १३०-१४० च्या वर पीस निघत नाहीत. दोन्ही रंग एकाच वेळी चालू आहेत, म्हणजे कुठलाच मागे पडायला नको.

यजमान म्हणतात, रात्रपाळी लावू. मास्टर म्हणतात, अर्धी ऑर्डर ओळखीच्या युनिटला जॉबवर देऊन टाका, कुणाला कळतंय? गळ्याची पट्टी लावणारे आमच्याकडे एकच काका आहेत, त्यांचा हात फार सुंदर, पण ते एकटे पडतात. कंपनीला मी अजून काहीच कळवलेलं नाही. पहिलीच ऑर्डर, पहिल्याच वेळी रडगाणं कसं गायचं? झोप उडाली आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : पट्टी लावणारे काका एकटे पडतात. बाकीच्या गोष्टींकडे नंतर वळू. आधी त्या एका मशीनपाशी जाऊ.

पोलोमध्ये सगळ्यात किचकट काम गळ्याच्या पट्टीचं, म्हणजे पुढे बटणं लागतात त्या फटीच्या पट्टीचं. फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) चिकटवा, इस्त्रीने दुमडा, पुढच्या भागावर मध्य आखा, दोन्ही बाजू लावा, मध्ये चिरा, कोपऱ्यात खाच द्या, उलटवा, खालचा चौकोन बंद करा. हे सगळं एकाच माणसाने केलं तर साडेतीन मिनिटं सहज जातात. आठ तासांची ४८० मिनिटं. भागून पाहा : १३७. तुम्ही लिहिता, रोज १३०-१४० निघतात. म्हणजे तुमच्या कारखान्याचा रोजचा आकडा चौदा मशीन मिळून ठरवत नाहीत, काकांचे दोन हात ठरवतात. माझी साडेतीन मिनिटं अंदाजाने आहेत. तुम्ही आज काकांच्या शेजारी उभ्या राहा, मोबाइलवर दहा पट्ट्यांची वेळ लावा आणि सरासरी काढा. आणि लपूनछपून घड्याळ लावू नका. कशासाठी मोजतोय ते त्यांना आधी सांगा, नाहीतर माणूस मुद्दाम हळू किंवा मुद्दाम जोरात शिवतो.

आता दुसऱ्या बाजूनेही तपासू. साध्या पोलोच्या एका पीसला सगळ्या शिलाईची मिळून ठरलेली वेळ साधारण १५ मिनिटं धरतात. चौदा कारीगरांची दिवसाची मिनिटं ६,७२०. तुम्ही १३५ पीस काढता, म्हणजे २,०२५ मिनिटांचं काम. क्षमतेच्या जेमतेम तीस टक्के. एवढ्यावरून कारीगरांना आळशी समजू नका. पट्टीच्या अलीकडे मालाचा ढीग असतो आणि पलीकडची माणसं हात चोळत बसलेली असतात. तुम्ही ओरडता तेव्हा अलीकडचे आणखी जोरात शिवतात, ढीग वाढतो, आणि संध्याकाळी पॅकिंगला तेवढेच पीस येतात.

म्हणूनच सगळ्या युनिटला रात्रपाळी नको. सगळी लाइन रात्री बसवली आणि काका एकच राहिले, तर जागरण चौदा जणांचं आणि फायदा काकांच्या तासांपुरता. शिवाय रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी पांढऱ्या कापडावर काय काय शिवलं जातं ते सकाळी चेकिंगच्या टेबलावर पाहावं लागतं. फार तर रोज एक तास जादा, तोही विचारून आणि नियमाप्रमाणे जादा दराने. त्याहून जास्त नाही.

पट्टी फोडा. म्हणजे काम वाटा. फ्युजिंग, दुमडून इस्त्री आणि मध्य आखणं, ही तीन कामं मशीनवरची नाहीतच. एका मदतनीसाला पुठ्ठ्याचा साचा करून द्या आणि इस्त्रीपाशी उभं करा. पट्टी लावण्याची सरळ शिलाई कॉलरवर ज्याचा हात बसला आहे अशा कारीगराकडे द्या, दोन दिवसांत जमते. चिरणं, खाच आणि चौकोन मात्र काकांकडेच ठेवा. तिथे नवखा हात एक दोरा जास्त कापतो आणि पुढचा अख्खा भाग वाया जातो. असं केलं की काकांच्या वाट्याला पीसमागे दोन मिनिटांच्या आसपास काम उरेल, आणि लाइन दोनशेच्या पुढे जाऊ शकेल.

इथे एक अडचण येईल, तिची तयारी आधीच ठेवा. काका पीस रेटवर असतील तर पट्टीचा भाव फोडणं म्हणजे त्यांच्या मते त्यांच्या ताटातलं काढणं. ते तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण नव्या माणसाची प्रत्येक पट्टी परत पाठवतील. मी असे अबोले पुष्कळ पाहिलेत. म्हणून या ऑर्डरपुरता त्यांचा हिशेब बदला : पट्टी पूर्ण होऊन पास झालेल्या प्रत्येक पीसमागे त्यांना आत्ताच्या रोजच्या कमाईपेक्षा कमी पडणार नाही असा दर ठरवा, आणि शिकवण्याचे वेगळे द्या. आकडा कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवा. हा खर्च तुम्हाला जड वाटेल. रात्रपाळीचा खर्च काढून शेजारी ठेवा, मग ठरवा.

पट्टी सुटली की अडचण दुसरीकडे सरकेल, बहुतेक कॉलर जोडण्यावर किंवा काज-बटणावर. घाबरू नका. रोज दुपारी लाइनीतून एक फेरी मारा आणि ढीग कुठे साचलाय ते पाहा. ढिगाच्या पुढच्या मशीनला मदत द्या. भरतकामही विसरू नका. ते कापलेल्या पुढच्या भागावर करून घेत असाल तर माल थेट तुमच्या लाइनीच्या तोंडाशी येतो, आणि तो भरतकामवाला चार दिवसांचं एकदम पाठवत असेल, साइज मिसळून पाठवत असेल, तर पट्टी कितीही फोडली तरी कारीगर सकाळी रिकामे बसतील. त्याच्याकडून रोज संध्याकाळी, साइजवार बांधलेले, दोनशे चाळीस तरी भाग यायला हवेत.

दोन्ही रंग एकाच वेळी चालवणं आजच बंद करा. कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर धाग्याचे चार-पाच कोन बदलायचे, घेर दुमडणाऱ्या फ्लॅटलॉकवर पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी धाग्याचा ताण जुळवायचा. शिवाय नेव्ही ब्लूची लव हवेत उडते आणि पांढऱ्याच्या शिलाईत जाऊन बसते. ती ब्रशने निघत नाही, टाक्यात अडकलेली असते. आधी पांढरा संपवा, मशीन नि टेबलं पुसून काढा, मग नेव्ही ब्लू. पांढऱ्याचा आणखी एक फायदा सांगते : तेलाचा डाग, तुटलेला टाका, वाकडी पट्टी, सगळं पांढऱ्यावर लगेच दिसतं, त्यामुळे लाइनीतले दोष सुरुवातीलाच हाती लागतात.

राहिलेल्या १,६०० पीसच्या कापडाबद्दल मला जास्त काळजी आहे. घाईत सगळे जण थान उघडतात आणि लगेच पसरून कापतात. टी-शर्टाचं निटेड कापड गुंडाळीत ताणलेलं असतं. ते उघडून, ढिलं टाकून निदान २४ तास पडू द्यावं लागतं. नाहीतर टेबलावर बरोबर कापलेला भाग दुसऱ्या दिवशी शिवताना आखूड निघतो. म्हणजे आजच थानं उघडून ठेवा, उद्यापरवा कापा. कारीगरांपाशी आधीचे कापलेले पीस आहेतच, त्यामुळे यात तुमचा एक तासही बुडत नाही. त्यातच प्रत्येक थानाचा एक तुकडा घ्या, त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, मोजा. लांबीत पाच टक्के आटत असेल तर २८ इंची शर्ट धुतल्यावर जवळजवळ दीड इंच आखूड होतो. पॅटर्नमध्ये तेवढी सूट धरली आहे का, हे मास्टरांना विचारा आणि ते म्हणतील तेवढ्यावर थांबू नका, पॅटर्न मोजून पाहा. एका पीसचे सगळे भाग एकाच थानातले असू द्या, बंडलवर थानाचा नंबर टाका. नेव्ही ब्लूमध्ये बाही एका छटेची आणि अंग दुसऱ्या छटेचं असेल तर ते दिव्याखाली कळत नाही, उन्हात कळतं. आणि प्रत्येक थानाचा थोडा तुकडा शेवटपर्यंत जपा. एखादा भाग खराब झाला तर बदलायला त्याच थानाचं कापड लागतं.

आता मास्टरांच्या ‘कुणाला कळतंय’बद्दल. कळतं. मोठ्या कंपन्यांच्या करारात बहुतेक वेळा स्पष्ट अट असते की लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्या युनिटला द्यायचं नाही. तुमचा करार काढा आणि ते कलम शोधा. ही अट उगाच आलेली नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात सावर इथली, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कारागिरांना कामावर आणलं होतं. ढिगाऱ्यात ज्या ब्रँडांची लेबलं सापडली त्यांतल्या काहींना आपला माल तिथे शिवला जात होता हे सांगताही येईना. तेव्हापासून मोठे ग्राहक या बाबतीत फार कडक झाले आहेत. चोरून दिलेलं काम पकडलं गेलं तर ही ऑर्डर जाईलच, पुढची दारंही बंद होतील.

परवानगी मिळाली तरी अर्धी ऑर्डर देऊ नका. दोन युनिटांचे दोन टाके, दोन इस्त्र्या, दोन मापं, आणि चेकिंगच्या टेबलावर मिसळलेला माल. द्यायचंच असेल तर एखादं सुटं काम द्या. काज-बटण देता येईल. पट्टी मात्र बाहेर नको.

आणि आता जे तुम्ही टाळताय ते. कंपनीला आज कळवा. ‘रडगाणं’ हा शब्द तुमच्या मनातला आहे, त्यांच्या नव्हे. तिकडे जी व्यक्ती तुमची ऑर्डर सांभाळते तिलाही वर उत्तर द्यायचं असतं. पंधरा दिवस आधी कळलं तर ती वाटप पुढे-मागे करू शकते, गाडीचं बुकिंग बदलू शकते. तारखेच्या आदल्या दिवशी कळलं तर तिच्या हातात काहीच उरत नाही, आणि तेव्हा ती तुमची बाजू घेणार नाही.

पण कळवताना ‘प्रयत्न करतोय’ असं मोघम लिहू नका. आकडे द्या. शेवटचे दोन दिवस तपासणी आणि पॅकिंगला बाजूला काढले तर शिलाईला १३ दिवस उरतात. रोज २०० धरले तर २,६०० होतात, आधीचे ९०० मिळून ३,५००. उरलेले ५०० आणखी तीन दिवसांत. रोज एक तास जादा लावला तर दिवसाला २२५ होतील, आणि तारखेपर्यंत ३,८०० च्या वर जाल. तुम्ही कंपनीला पहिला हिशेब सांगा, दुसरा स्वतःपाशी ठेवा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस नवी वाटणी बसेपर्यंत दोनशे होणारच नाहीत, ते रोजच्या त्या जादा तासातून भरून निघतील. आणि त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : कुठला रंग आणि कुठल्या साइज आधी हव्यात? कार्यक्रमासाठी हवे असतील तर कदाचित त्यांना पहिल्या दिवशी ३,००० पुरतील. पुष्कळदा पुरतात. आपण न विचारता जीव टाकतो. नेव्ही ब्लू आधी हवा म्हणाले तर मघाचा क्रम उलटा करा, पण मग मधली साफसफाई दुप्पट करा.

पॅकिंगबद्दल थोडं. बॉक्समध्ये प्रत्येक साइजचे ठरलेले पीस असतील, तर एका साइजचे वीस शर्ट कमी पडल्याने अख्खे बॉक्स उघडे पडून राहतात. कमी पडणारी साइज नेहमी टोकाची असते, सगळ्यात लहान किंवा सगळ्यात मोठी, कारण ती मुळात थोडी कापलेली असते आणि तिच्यातले दोन खराब झाले तरी जाणवतं. म्हणून राहिलेलं कटिंग करताना टोकाच्या साइजना दोन-तीन टक्के जास्त धरा. आणि इस्त्रीखालून निघालेला गरम, दमट शर्ट लगेच पिशवीत भरू नका. वाफ आत राहते, बॉक्स उघडला की कुबट वास येतो आणि पांढऱ्यावर बुरशीचे ठिपके पडू शकतात. पूर्ण थंड होऊ द्या. बॉक्स दारात आणि जिन्यात रचू नका, घाईच्या दिवसांत हेच आधी होतं.

कंपनीचा तपासनीस बहुधा एक्यूएल २.५ ने पाहील, म्हणजे थोडे पीस काढून दोष मोजायच्या ठरलेल्या तक्त्याने. त्यात ४,००० च्या लॉटमधून २०० पीस काढणार. मोठे दोष १० पर्यंत चालतात, अकरावा सापडला की पूर्ण लॉट नापास. तुम्ही माल टप्प्याने दिलात, समजा २,००० चा एक लॉट केला, तर १२५ पीस काढतील आणि सातवर मर्यादा. तो येण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः, बंद बॉक्समधून, तेवढेच पीस काढून पाहा. मास्टरांना नाही, काकांनाही नाही, ज्यांनी शिवलं नाही अशा कुणाला तरी पाहायला बसवा. पण त्या दिवसाची वाट पाहत बसू नका. पट्टीनंतर लगेच एक चेकर ठेवा. पट्टी वाकडी असेल तर तिथेच उसवता येते. कॉलर लागल्यावर उसवलं की कापड ताणतं आणि सुयांची भोकं राहतात. भोकांवरून आठवलं : सुया बॉलपॉइंटच्या, म्हणजे गोल टोकाच्या, आहेत ना आणि बदलताय ना, एवढं बघा. टोक खराब झालेली सुई कापडाचा धागा कापते आणि ते भोक पहिल्या धुण्यात उघडतं.

यजमानांना रात्रपाळीऐवजी भरतकामवाल्याच्या मागे लावा. तिथे खरोखर कुणीतरी रोज जाऊन बसायची गरज आहे.

प्रश्न : एका मोठ्या ग्राहकाच्या ६०० कुर्त्यांची ऑर्डर आहे. नमुना पाठवला, त्यांचा माणूस फोनवर म्हणाला ‘ठीक आहे, सुरू करा’, पण लेखी मंजुरी येत नाही. वेळ कमी आहे. कापू का?

उत्तर : कापू नका. कापलेलं कापड परत थानात जात नाही, आणि फोनवरच्या ‘ठीक आहे’ला उद्या ‘मी फक्त रंगाबद्दल बोललो होतो’ असं म्हणता येतं. ते खोटंही नसतं. फोनवर माणूस कुर्त्याकडे न बघता बोलत असतो.

त्यांची वाट पाहत बसू नका, त्यांचं काम सोपं करा. आजच एक मेल टाका : ‘आपल्या आजच्या फोनप्रमाणे नमुना पुढील मापांसह मंजूर समजत आहोत,’ आणि खाली छाती, लांबी, बाही, गळा ही मापं, बटणाचा फोटो, धाग्याचा रंग. खाली उत्तरासाठी एक ओळ : ‘मंजूर’ एवढंच लिहून पाठवा. लांब मेल लिहायला ज्याला वेळ नाही तोही एक शब्द लिहितो.

दरम्यान न कापता करण्यासारखं पुष्कळ आहे. कापड तपासून घ्या, ढिलं टाका, धुऊन आटणं मोजा. मार्कर, म्हणजे कापडावर भाग कसे बसवायचे त्याचा आराखडा, आखून ठेवा. बटणं, फ्युजिंग, लेबलं मोजून साइजवार पुड्या बांधा. ग्राहकाने प्रत्येक साइजचा एकेक नमुना मागितला असेल तर तोही आत्ताच शिवा, त्याला थोडंच कापड लागतं आणि ग्रेडिंगमधली (एका साइजवरून बाकीच्या साइज काढण्यातली) चूक सहाशेऐवजी एका पीसवर कळते.

दोन दिवसांत मेलचं उत्तर आलं नाही तर फोन करा. मंजुरी जितकी उशिरा येईल तितके दिवस डिलिव्हरीची तारीख पुढे जाईल, हे त्याच फोनवर सांगा, आणि फोन ठेवल्या ठेवल्या तेच मेलवर पाठवा.